पाच नॅनोमीटर रुंदीची विहीर

दर सोळा दिवसांनी एक उपग्रह तुमच्या गावावरून जातो. वेळ साधारण सकाळी साडेदहा-अकराची, म्हणजे शाळेत तुमचा गणिताचा नाहीतर भूगोलाचा तास चालू असतो तेव्हाची. उंची ७०५ किलोमीटर. नाव लँडसॅट ८. अमेरिकेने तो २०१३ च्या फेब्रुवारीत सोडला, आणि २०२१ पासून त्याच्या जोडीला लँडसॅट ९ सुद्धा आहे. जाता जाता हे दोघं तुमच्या गावाचा ताप मोजतात.

ताप म्हणजे अगदी खरोखरचं तापमान! शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असा जमिनीचा एकेक तुकडा घेऊन त्याचं तापमान ते टिपून ठेवतात. उघडं माळरान तापलेलं दिसतं. तलाव गार दिसतो. गंमत म्हणजे नुकतंच पाणी दिलेला उसाचा फडही गार दिसतो, शेजारचं कोरडं नांगरलेलं रान मात्र चांगलंच गरम. असं का? झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांवाटे त्याची वाफ बाहेर सोडतात. ही वाफ होताना पानांमधली उष्णता खर्ची पडते. म्हणून पाणी पिणारं शेत गार राहतं, आणि शेत किती गार आहे यावरून पिकाने किती पाणी घेतलं याचा हिशेब मांडता येतो. लँडसॅट ८ आखला जात होता तेव्हा त्यात तापमान मोजणारं उपकरण ठेवायचं ठरलेलं नव्हतं. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत नद्यांचं आणि कालव्यांचं पाणी वाटून देणारे अधिकारी याच मोजमापावर विसंबून काम करत होते. त्यांची गरज पुढे आली तेव्हा उपकरण बसवलं गेलं. त्यातली माहिती जगात कोणालाही फुकट बघता येते. तुम्हालाही.

आता प्रश्न असा, की ७०५ किलोमीटरवरून, हात न लावता, ताप मोजायचा कसा?

उत्तर असं, की जगातली प्रत्येक वस्तू प्रकाश देते. दगड, मांजर, तुमचं नाक, कपातला चहा, सगळं. फक्त हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याच्या लाटा फार लांब असतात. लाल रंगाची तरंगलांबी साधारण ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या अंगातून किंवा जमिनीतून जो प्रकाश बाहेर पडतो, त्याची तरंगलांबी १० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे लाल रंगाच्या जवळजवळ चौदापट. याला अवरक्त प्रकाश म्हणतात. असा न दिसणारा प्रकाश असतो हे पहिल्यांदा ओळखलं विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली, इंग्लंडमध्ये. लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात त्यांनी तापमापक ठेवून पाहिले, तर लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा वर चढला.

थोडासा अवरक्त प्रकाश तुम्हीही आत्ता बघू शकता. घरातला टीव्हीचा रिमोट घ्या आणि मोबाइलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा चालू करा. रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून कुठलंही बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाचा छोटा दिवा जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसेल. तो आहे साधारण ०.९४ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश. कॅमेऱ्याला तो दिसतो.

मग त्याच कॅमेऱ्याने अंधारात स्वतःचा हात का दिसत नाही? हातही अवरक्त प्रकाशच देतो ना? इथेच खरी गोष्ट सुरू होते.

मोबाइलचा कॅमेरा सिलिकॉन नावाच्या अर्धवाहकाचा बनलेला असतो. प्रकाश त्याच्यावर पडतो तो छोट्या छोट्या पुड्यांच्या रूपात. एका पुडीला फोटॉन म्हणतात. सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना धरून बसलेले असतात. फोटॉनने येऊन पुरेसा धक्का दिला, तरच इलेक्ट्रॉन सुटतो आणि वीज वाहू लागते. पुरेसा म्हणजे किती, हे ठरलेलं असतं. सिलिकॉनसाठी १.१ मायक्रॉनपर्यंतच्या प्रकाशाचा फोटॉन पुरतो. त्याहून लांब लाटेचा फोटॉन कमी ऊर्जेचा, म्हणून तो निष्फळ. रिमोटचा फोटॉन जेमतेम पुरतो. तुमच्या हातातून निघणाऱ्या फोटॉनमध्ये मात्र हव्या त्या ऊर्जेचा नववा भागसुद्धा नसतो. बरं, असे लहान फोटॉन कोट्यवधींनी पाठवले तर? तरीही नाही! सहसा एका इलेक्ट्रॉनला एकच फोटॉन भेटतो, आणि तो पुरला नाही तर पुरला नाही. पुढचा येईपर्यंत आधीच्या धक्क्याचं काही शिल्लक राहत नाही.

प्रत्येक अर्धवाहकाचा असा आपला एक आकडा असतो आणि तो निसर्गाने ठरवलेला असतो. गॅलियम आर्सेनाइड नावाचा एक फार छान अर्धवाहक आहे. त्याचे मोठे, निर्दोष स्फटिक बनवता येतात आणि त्यापासून उत्तम उपकरणं तयार होतात. पण त्याचा आकडा आहे ०.८७ मायक्रॉन, म्हणजे सिलिकॉनपेक्षाही वाईट. १० मायक्रॉनचा प्रकाश त्याच्यातून काचेतून जावा तसा आरपार निघून जातो. १० मायक्रॉनला आपोआप दाद देणारा पदार्थही आहे. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम मिसळून तो करतात आणि अनेक अवरक्त कॅमेऱ्यांत तो वापरतातही. पण तो नाजूक, मऊ आणि लहरी असतो, आणि मोठ्या चकतीवर सगळीकडे अगदी एकसारखा बनवायचा म्हटलं तर फार त्रास देतो.

मग काही माणसांच्या मनात आलं, की निसर्गाने दिलेला आकडा आपणच बदलला तर?

त्यासाठी इलेक्ट्रॉनचा एक स्वभाव माहीत हवा. इलेक्ट्रॉन कणासारखा वागतो तसाच लाटेसारखाही वागतो. आणि लाटेला जर दोन भिंतींमध्ये कोंडलं, तर ती वाटेल तशी हेलकावू शकत नाही. उडी मारायची दोरी घ्या, तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं हातात धरून हलवा. हळू हलवली तर सगळ्या दोरीचा मिळून एक फुगवटा तयार होतो. वेग वाढवत नेला तर मध्येच काही काळ दोरी नुसती वेडीवाकडी थरथरते, आणि मग एका ठरावीक वेगाला अचानक दोन छान फुगवटे उभे राहतात. आणखी वाढवला तर तीन. दीड किंवा अडीच फुगवटे मात्र काही केल्या जमत नाहीत! आता दोरी अर्धी करून पुन्हा करा. तोच एक फुगवटा आणायला हात कितीतरी भरभर हलवावा लागेल.

कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचंही असंच असतं. त्याला काही ठरावीक ऊर्जा चालतात, मधल्या चालत नाहीत. या ठरावीक ऊर्जांना आपण पातळ्या म्हणू. आणि जागा जितकी अरुंद, तितक्या पातळ्या एकमेकींपासून लांब. म्हणजे बघा, जागेची रुंदी आपल्या हातात असेल, तर दोन पातळ्यांमधलं अंतरही आपल्या हातात! ते अंतर १० मायक्रॉनच्या फोटॉनएवढं ठेवलं, की तोच फोटॉन इलेक्ट्रॉनला खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर उचलेल. पदार्थ बदलायची गरजच नाही, जाडी बदलली की झालं. मला तर ही माणसाला सुचलेल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते.

अमेरिकेत न्यू जर्सीला बेल लॅब्ज नावाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या चार्ल्स हेन्री यांना १९७२ मध्ये हे सुचलं. ते खरं तर प्रकाश पातळ थरात कसा कोंडला जातो याचा विचार करत होते. प्रकाशाची लाट कोंडता येते तर इलेक्ट्रॉनचीही येईल, असं त्यांच्या लक्षात आलं. १९७४ मध्ये रेमंड डिंगल आणि त्यांच्या सोबत्यांनी गॅलियम आर्सेनाइडचे पातळ थर करून त्यावर प्रकाश टाकला, आणि तो कुठे शोषला जातो ते मोजलं. ठरावीक पातळ्या खरोखरच दिसल्या.

पण थर किती पातळ हवा? १० मायक्रॉनच्या कामासाठी साधारण पाच नॅनोमीटर. मायक्रॉनचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पाच नॅनोमीटरमध्ये गॅलियम आर्सेनाइडचे जेमतेम अठरा थर मावतात, गॅलियम-आर्सेनिकच्या एकेका अणुजोडीच्या जाडीचे. एखादा थर कमी-जास्त झाला तरी रंग चुकणार! इतकं अचूक काही बनवणार कसं?

ते बनवायचं यंत्र अल्फ्रेड चो आणि जॉन आर्थर यांनी बेल लॅब्जमध्येच १९६० च्या दशकाच्या शेवटी उभं केलं. नाव भलंमोठं आहे, मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी. स्टेनलेस स्टीलची जाड टाकी असते, नळ्या आणि गोल खिडक्या लावलेली. आतली हवा इतकी काढून टाकतात की जवळजवळ काहीच उरत नाही. वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी दाब आत असतो. मध्ये गॅलियम आर्सेनाइडची गुळगुळीत चकती, सहाशे अंशांच्या जवळपास तापवलेली. समोर छोट्या छोट्या भट्ट्या. एकीत गॅलियम, एकीत अ‍ॅल्युमिनियम, एकीत आर्सेनिक. प्रत्येक भट्टीच्या तोंडाशी धातूचं छोटं झाकण. झाकण उघडलं की त्या भट्टीतले अणू सरळ रेषेत उडत येऊन चकतीवर बसतात. झाकण बंद केलं की थांबतात. गॅलियम आर्सेनाइडचा थर झाला की अ‍ॅल्युमिनियमचंही झाकण उघडायचं. त्याचे अणू मिसळले की भिंत तयार होते. मग अ‍ॅल्युमिनियम बंद, पुन्हा विहीर. हो, दोन भिंतींमधल्या या पातळ थराला शास्त्रज्ञ क्वांटम विहीर म्हणतात. यात नशीबही माणसाच्या बाजूने आहे. गॅलियमच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसवलं तरी अणूंमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे एकावर एक थर कुठेही न चिरता, न मुडपता बसत जातात.

आणि मोजायचं कसं? हे मला सगळ्यात जास्त आवडतं. चकतीच्या पृष्ठभागाला घासून जाईल असा इलेक्ट्रॉनचा झोत तिरका सोडतात. तो उसळून समोरच्या पडद्यावर पडतो आणि तिथे हिरवट ठिपके-रेघा चमकतात. अणूंचा थर अर्धवट भरलेला असेल तर पृष्ठभाग खडबडीत असतो, झोत विखुरतो आणि ठिपका मंद होतो. थर पूर्ण भरला की पृष्ठभाग पुन्हा सपाट, ठिपका पुन्हा तेजस्वी. मंद, तेजस्वी, मंद, तेजस्वी. एक लुकलुक म्हणजे अणूंचा एक थर पुरा! साधारण सेकंदाला एक थर, तासाला एक मायक्रॉन. अणू मोजण्याचं काम माणूस नुसत्या डोळ्यांनी करू शकतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलंच नव्हतं.

आता लँडसॅटकडे परत येऊ. त्याच्या तापमान मोजणाऱ्या उपकरणात बरोबर अशाच विहिरी आहेत. अशा विहिरींनी प्रकाश टिपणारा पहिला शोधक बेल लॅब्जच्या बॅरी लेव्हिन यांनी १९८७ च्या सुमारास करून दाखवला. लँडसॅटसाठी तो नासाच्या गोडार्ड केंद्रात बनवला गेला. एका विहिरीत फार थोडा प्रकाश अडकतो, म्हणून अशा शोधकात पन्नासेक विहिरी एकावर एक रचतात. प्रत्येक विहिरीच्या तळाशी थोडे इलेक्ट्रॉन ठेवलेले असतात. त्यासाठी थर वाढवताना त्यात चिमूटभर सिलिकॉन मिसळतात. विहिरीची रुंदी आणि खोली अशी ठरवतात की वरची पातळी बरोबर काठाशी येईल. तुमच्या गावातून निघालेला फोटॉन ७०५ किलोमीटर प्रवास करून येतो, तळाच्या इलेक्ट्रॉनला काठापर्यंत उचलतो, आणि बॅटरीचा दाब त्याला ओढून बाहेर नेतो. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनांची वीज मोजली की झाला ताप मोजून. अशा ६४० गुणिले ५१२ बिंदूंच्या तीन चकत्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत, आणि एका फेरीत १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा त्या टिपतात. समोरची भिंगंही गंमतशीर आहेत. साध्या काचेतून १० मायक्रॉनचा प्रकाश जात नाही, म्हणून बहुतेक भिंगं जर्मेनियमची आहेत. जर्मेनियम आपल्या डोळ्यांना करड्या, चकचकीत धातूसारखं दिसतं, त्यातून आरपार काहीसुद्धा दिसत नाही. अवरक्त प्रकाशाला मात्र ते पारदर्शक!

या विहिरींना दोन खोडी आहेत. पहिली ऐकून तुम्हाला नवल वाटेल. प्रकाश जर सरळ डोक्यावर, चकतीला काटकोनात पडला, तर या विहिरींना तो दिसतच नाही. इलेक्ट्रॉन कोंडलेला आहे फक्त वर-खाली, आडवा तो मोकळाच आहे. त्याला वरच्या पातळीवर न्यायचं तर धक्काही वर-खालीच बसला पाहिजे. पण प्रकाशाचा धक्का त्याच्या प्रवासाच्या दिशेला नसतो, तिच्याशी काटकोनात असतो. म्हणजे सरळ खाली येणारा प्रकाश इलेक्ट्रॉनला आडवाच ढकलणार, आणि त्याचा उपयोग शून्य. यावर उपाय म्हणून चकतीच्या माथ्यावर बारीक खाचांची नक्षी कोरतात. तिच्यावर आपटून प्रकाश तिरका होतो आणि मग त्याचा धक्का लागू पडतो. इलेक्ट्रॉनला तिन्ही बाजूंनी कोंडलं तर ही खोड जाते. अशा सर्व बाजूंनी बंद असलेल्या कणाएवढ्या जागेला क्वांटम डॉट म्हणतात, आणि पवईच्या आयआयटी मुंबईत असे डॉट वाढवून त्यांपासून अवरक्त शोधक बनवण्याचं काम झालं आहे. यंत्र तेच, झाकणं उघडण्या-मिटण्याचं.

दुसरी खोड म्हणजे थंडी. लँडसॅटच्या त्या चकत्या उणे २३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवाव्या लागतात. कारण उष्णता म्हणजे अणूंची सततची धक्काबुक्की. चकती गरम असेल तर ही धक्काबुक्कीच इलेक्ट्रॉनांना विहिरीबाहेर ढकलून देते, आणि मग तुमच्या गावातून आलेल्या फोटॉनने कोणता इलेक्ट्रॉन काढला आणि उष्णतेने कोणता, हे कळणारच नाही. ही धक्काबुक्की लक्षात ठेवा. पुढे ती आणखी त्रास देणार आहे.

विहीर प्रकाश गिळते. मग उलट करता येईल का? इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर ठेवून खाली पडू दिलं, तर तो प्रकाश सोडेल का?

सोडेल. हा विचार १९७१ मध्ये लेनिनग्राडच्या योफे संस्थेतल्या रुडॉल्फ काझारिनोव्ह आणि रॉबर्ट सूरिस यांनी लिहून ठेवला होता. तेव्हा असे थर बनवणं जमेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. विहिरींवरचा डिंगल यांचा प्रयोगही अजून झालेला नव्हता! कागदावरच्या या विचारापासून असा पहिला लेझर पेटेपर्यंत तेवीस वर्षं गेली. काझारिनोव्ह पुढे बेल लॅब्जमध्येच कामाला आले, आणि १९९४ मध्ये त्याच प्रयोगशाळेत फेदेरिको कापासो, जेरोम फाइस्ट, डेबोरा सिव्को, कार्लो सिरतोरी, अल्बर्ट हचिन्सन आणि अल्फ्रेड चो यांनी तो करून दाखवला. हेच ते चो, यंत्रवाले. या लेझरला क्वांटम कॅस्केड लेझर म्हणतात.

नेहमीच्या लेझर दिव्यात एक इलेक्ट्रॉन एकदाच पडतो, एक फोटॉन देतो आणि त्याचं काम संपतं. इथे तसं नाही. एकापुढे एक पंचवीस टप्पे रचलेले, आणि बॅटरी जोडली की प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा खाली येतो. इलेक्ट्रॉन पहिल्या टप्प्यात वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर पडतो आणि एक फोटॉन देतो. पुढे भिंत आहे. पण भिंत दोन-तीन नॅनोमीटरचीच असेल तर इलेक्ट्रॉनची लाट पलीकडेही थोडी पोचलेली असते, आणि इलेक्ट्रॉन भिंतीवरून न चढता तिच्यातून पलीकडे निघून जातो. पलीकडे गेला की तो पुढच्या टप्प्याच्या वरच्या पातळीवर असतो, कारण तो टप्पा आधीच खाली आणून ठेवलेला आहे. पुन्हा पडतो, पुन्हा फोटॉन. असं पंचवीस वेळा! एकाच इलेक्ट्रॉनकडून पंचवीस फोटॉन मिळू शकतात. शेकडो थर होते त्यात, आणि काही तर एक नॅनोमीटरपेक्षाही पातळ. प्रकाश निघाला ४.२ मायक्रॉनचा.

हा पहिला लेझर बर्फाहून कितीतरी थंड ठेवावा लागत होता. काही वर्षांतच खोलीच्या तापमानाला चालणारे लेझर तयार झाले, आणि नुसत्या जाड्या बदलत बदलत शास्त्रज्ञ हवे ते अवरक्त रंग काढू लागले. याचा उपयोग मोठा आहे. हवेतला प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक अवरक्त रंगांनाच शोषतो. कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपास, विषारी कार्बन मोनॉक्साइड ४.६ च्या आसपास, मिथेन ३.३ आणि ७.७ ला. नेमक्या त्या रंगाचा लेझर हवेतून सोडला आणि पलीकडे किती पोचला ते मोजलं, की तो वायू तिथे आहे का आणि किती आहे ते कळतं. वास नसलेला वायूसुद्धा लपून राहत नाही.

मग सगळ्यांच्या नजरा वळल्या आणखी लांब लाटांकडे, टेराहर्ट्झकडे. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हेलकावे, तरंगलांबी ०.३ मिलिमीटर. हा प्रदेश रेडिओलहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधोमध आहे आणि तिथे कोणाचंच नीट चालत नाही. रेडिओलहरी बनवणारी विजेची मंडलं इतक्या भरभर हेलकावू शकत नाहीत. अर्धवाहकांचे निसर्गदत्त आकडे तर त्याच्या कितीतरी पलीकडे. विहिरींच्या मार्गाने मात्र जाता येतं, कारण विहिरी रुंद ठेवल्या, शेजारच्या विहिरी पातळ भिंतींनी जोडल्या, की पातळ्या हव्या तितक्या जवळ आणता येतात. २००२ मध्ये इटलीतल्या पिसा आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी पहिला टेराहर्ट्झ क्वांटम कॅस्केड लेझर केला, ४.४ टेराहर्ट्झचा. टप्पे शंभरावर. पदार्थ तोच आपला जुना गॅलियम आर्सेनाइड, ज्याचा स्वतःचा रंग ०.८७ मायक्रॉनचा. आता त्यातून ६८ मायक्रॉनचा प्रकाश येत होता!

पण आठवते का ती धक्काबुक्की? खोलीच्या तापमानाला उष्णतेचा सरासरी धक्का चार टेराहर्ट्झच्या फोटॉनच्या दीडपट असतो. पातळ्या इतक्या जवळजवळ असताना उष्णता इलेक्ट्रॉनांना इकडून तिकडे भिरकावत राहते, आणि लेझरला हवी ती शिस्त टिकत नाही. २००२ चा तो लेझर उणे २२३ अंशांच्या वर चालेना.

असा थंडगार लेझर घेऊन कोण कुठे जाणार, असं वाटेल. तर तो विमानात बसून गेला. सोफिया नावाचं एक विमान होतं, जुनं बोइंग ७४७, पाठीत मोठं दार कापलेलं आणि दारात अडीच मीटरच्या आरशाची दुर्बीण. नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था मिळून ते २०२२ पर्यंत उडवत होत्या. टेराहर्ट्झ प्रकाश हवेतल्या बाष्पात पार विरून जातो, म्हणून बारा-तेरा किलोमीटर उंच जायचं, जिथे बाष्प जवळजवळ नसतंच. एकट्या ऑक्सिजन अणूचा एक खास रंग आहे, ४.७ टेराहर्ट्झ. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये अणू जोडीने असतात, हा मात्र सुटा अणू. विमानातल्या उपकरणात नेमका त्या रंगाचा क्वांटम कॅस्केड लेझर बसवला होता. आकाशातून आलेला प्रकाश आणि लेझरचा प्रकाश एकत्र मिसळायचा. दोघांच्या हेलकाव्यांमध्ये जो किंचित फरक असतो, तो साध्या रेडिओलहरींइतका असतो, आणि तो मोजणं सोपं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ही दुर्बीण शुक्राकडे वळवली, आणि शुक्राच्या दिवसाच्या बाजूला सुटा ऑक्सिजन पहिल्यांदाच थेट दिसला. शुक्राच्या जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर उंचावर तो आहे. सूर्यप्रकाश तिथल्या कार्बन डायऑक्साइडचे रेणू फोडतो, त्यातून तो सुटतो आणि वारे त्याला रात्रीच्या बाजूकडे वाहून नेतात.

आणि थंडीचं काय झालं? शास्त्रज्ञ पुन्हा जाड्यांच्याच मागे लागले. भिंती थोड्या उंच केल्या, विहिरी कमी केल्या, इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवरून लवकर निसटावा म्हणून पातळ्यांची मांडणी बदलली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाने चार टेराहर्ट्झच्या आसपासचा लेझर उणे २३ अंशांवर चालवून दाखवला. उणे २३ ला द्रव हीलियम नको आणि मोठं शीतयंत्रही नको, वीज जोडली की एका बाजूने गार होणारी तळहाताएवढी पट्टी पुरते. त्यामुळे हा लेझर हातात उचलून नेता येण्याजोगा झाला. त्यानंतर तो आकडा आणखी थोडा वर सरकला आहे, आणि साध्या खोलीत, काहीही गार न करता तो चालावा यासाठी आजही कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत भट्ट्यांची झाकणं उघडून-मिटून, एक थर जास्त, एक थर कमी असं करून बघणं चालूच आहे.